न केलेलं पाप

औसा, जि. लातूर
८ जानेवारी २०२४

॥ जय ख्रिस्त ॥

ती. सिंधुआत्यास,
दीपमालाचा सा. न. वि. वि.

तुझं नाताळचं कार्ड आणि सोबतचं विणलेलं टोपडं पोचलं. टोपडं एवढं मोठं झालंय, की वैजनाथ ते स्वतःच्या डोक्यावर घालून अख्खं घर फिरले. मोतीबिंदू काढेपर्यंत तुझ्या हातात सुया देऊ नका, असं तुझ्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांना माझ्यातर्फे सांग. फोन केला असता, पण तुला फोनवर नुसती घरघर ऐकू येते आणि मी इकडून ओरडते ते सगळी गल्ली ऐकते. आपलं हे पत्रच बरं.

आठवा महिना लागलाय. शाळेत अजून जाते. नववीच्या पोरी सारख्या खुर्ची पुढं सरकवतात. पाय सुजून राहिलेत, म्हणून वैजनाथच्या चपला घालते. ते दुकानात ठिबकचे पाइप विकतात आणि येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला सांगतात, की बायकोनं चपला पळवल्यात.

घरात भांडणाचा विषय एकच, तुला ठाऊक असलेला. मिश्र लग्न करताना मी फादरांना शब्द दिला होता, की मुलांचा बाप्तिस्मा करीन. वैजनाथना ते तेव्हाच सांगितलं होतं, त्यांची ना नव्हती आणि आजही नाही. पण सासूबाई पार्वतम्मा ऐकत नाहीत. त्या म्हणतात, आम्ही लिंगायत, लेकरू जन्मलं की स्वामी येऊन गळ्यात लिंग बांधणार, तेवढंच. पाद्री माझ्या उंबऱ्याच्या आत यायचा न्हाई, असं त्यांनी शेजारच्या बायकांसमोर सांगून टाकलं. वैजनाथ आईला अव्वा म्हणतात, मीही म्हणावं असं त्यांना वाटतं. माझ्या तोंडून ते निघत नाही.

परवा त्यांनी मला विचारलं, की तान्ह्या लेकरानं असं काय पाप केलंय, जे तुमच्या पाद्र्याला धुवावं लागतं? आत्या, शिकवणीत पाठ केलेलं मूळपापाचं उत्तर मला तोंडपाठ आहे. आदाम, हव्वा, बाग, फळ, सगळं. पण त्या तांदूळ निवडत माझ्याकडं बघत होत्या आणि मी नुसती शेजारी बसून खडे वेचायला लागले.

मुलगी झाली तर माझ्या आईचं नाव ठेवायचं ठरवलंय. फिलोमिना. सासूबाईंना ते म्हणता येत नाही. त्या फुलमिना म्हणतात आणि वर विचारतात, की हे काय फुलांच्या तेलाचं नाव हाय का.

मुदखेडहून पप्पांचा रोज फोन असतो. तू डोळ्यांना जप. माया आहे तशी असू दे, ही विनंती.

तुझी
दीपमाला

* * *

नांदेड
१३ जानेवारी २०२४

चि. दीपमालास,
सिंधुआत्याचे अनेक आशीर्वाद.

टोपडं बाळ मोठं झाल्यावर होईल. वैजनाथरावांना म्हणावं, तुमच्या डोक्याचं माप घेऊनच विणलं होतं.

आता नर्स म्हणून लिहिते, आत्या म्हणून नाही. पाय सुजणं मी हसण्यावारी घेणार नाही. बी.पी. कधी मोजलंस ते पत्रात लिहिलेलं नाहीस. चपलांचं कौतुक पुरे. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं काजवे चमकले, पोटात वरच्या बाजूला दुखलं, तर औशात थांबू नकोस, सरळ लातूर गाठ. आयुष्यभर मिशनच्या दवाखान्यांत बाळंतपणं केली आहेत, उगाच भीती घालणारी मी नव्हे.

तुझ्या सासूचा प्रश्न चांगला आहे. आमच्या शिकवणीच्या वर्गात इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. तान्ह्या लेकरानं काही केलेलं नसतं, यात ती पूर्ण बरोबर आहे आणि चर्चसुद्धा तेच म्हणतं. उरलेलं सविस्तर लिहायला डोळा धड हवा. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. तोवर भांडू नकोस. ती उंबऱ्यावरून बोलते, तू शाळेतल्या बाईसारखी बोलतेस, मधे बिचारे वैजनाथराव. बाळ आलं की दोघींचे आवाज आपोआप खाली येतील.

मुदखेडला शेषाला सांगितलंय, की लेकीला रोज फोन करून काळजी करायला लावू नकोस. माझा धाकटा भाऊ रेल्वेतून रिटायर झाला तरी रूळ तपासत फिरल्यासारखा दिवसभर काहीतरी शोधतच असतो.

रोज संध्याकाळी तुझं नाव घेते. तुझाही जिव्हाळा असाच राहो.

तुझी
सिंधुआत्या

* * *

औसा
२० फेब्रुवारी २०२४

ती. सिंधुआत्यास,
सा. न. वि. वि.

तुला पप्पांकडून कळलंच असेल. तुझ्या डोळ्यावर पट्टी होती, तू येऊ शकली नाहीस, त्याचं मला काही वाटलं नाही. मला तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं.

तू लिहिलं होतंस तसंच झालं. वर्गात फळ्यावर लिहिताना अक्षरं हलायला लागली. वैजनाथ गाडी घेऊन आले, सासूबाई मागं बसल्या, मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून लातूरपर्यंत गेले. दवाखान्याच्या दारात मला आकडी आली म्हणे. त्याआधी एकच गोष्ट मला आठवते. मी सासूबाईंचा पदर धरून म्हटलं होतं, की मला काही झालं तर बाळासाठी फादरांना बोलवा. त्या 'हाव, बोलावते' म्हणाल्या होत्या. मी नीट ऐकलं होतं.

शुद्धीवर आले तेव्हा पोट रिकामं होतं. मुलगी झाली होती. एका दिवसाचीसुद्धा झाली नाही. तिला श्वास घेता येत नव्हता. मी आयसीयूत, वैजनाथ रक्ताच्या पिशव्यांसाठी धावत होते, आणि तिला औशाला नेऊन आमच्या शेताच्या कडेला मूठमाती दिली, तेव्हा मला माहीतही नव्हतं की ती जन्मली. आत्या, मी तिला पाहिलं नाही. जिवंत नाही, मेलेलीही नाही. ती कुणासारखी होती, असं वैजनाथना विचारलं तर ते रडतात, म्हणून विचारत नाही.

घरी आले त्या दिवशी सासूबाईंना विचारलं, की फादरांना बोलावलं होतं का? त्या म्हणाल्या, न्हाई. एवढंच. आणि चुलीकडं निघून गेल्या. त्यानंतर आमच्यात बोलणं नाही. माझं ताट वाढून त्या बाहेर जाऊन बसतात.

याहून मोठा धक्का पप्पांनी दिला. सगळे बसलेले असताना मी त्यांना विचारलं, की मूठमातीच्या वेळी तुम्ही प्रार्थना केलीत ना? पप्पा म्हणाले, कोणती करणार? तिचा बाप्तिस्मा झाला नव्हता. मूळपापाचा डाग घेऊन गेली पोर. तिला देवाचं मुख दिसणार नाही, ती आपल्याला कधी भेटायची नाही. लहानपणी त्यांना मास्तरांनी असंच शिकवलं होतं म्हणे. ते ओरडून नाही बोलले. गाडी चुकली, असं सांगावं तसं बोलले. वैजनाथ ताडकन उठून बाहेर गेले. मी भिंतीकडं तोंड केलं. माझा बाप, जो मला सायकलवर पुढं बसवून चर्चमध्ये मिस्साला न्यायचा, त्यानं माझ्या लेकराला दार लावून घेतलं.

तू सिस्टर आहेस. मला समजूत घालू नकोस, खरं काय ते सांग. जिनं डोळे उघडले नाहीत, तिच्या अंगावर कुणाचं पाप होतं? देव इतका चांगला, तर वाईट आलं कुठून? मला तर ते या घरात रोज भाकरी थापताना दिसतं. सासूनं एक फोन केला असता तर माझी पोर सुटली असती. तिनं मुद्दाम केला नाही. ती बाई नाही, सैतान आहे.

आज इतकंच लिहवतं.

दीपमाला

* * *

नांदेड
२५ फेब्रुवारी २०२४

माझ्या दीपमालास,
सिंधुआत्याचे पोटाशी धरून आशीर्वाद.

तुझं पत्र एका सिस्टरनं वाचून दाखवायला घेतलं होतं. दुसऱ्या ओळीनंतर मी ते काढून घेतलं आणि एका डोळ्यानं स्वतः वाचलं. शेषा असं बोलला, तो भाग मी पुन्हा वाचून खात्री केली.

तू खरं सांग म्हणालीस, म्हणून आधी सगळ्यात महत्त्वाचं. तुझी मुलगी देवापासून तोडली गेली, असं चर्च शिकवत नाही. बाप्तिस्म्याविना गेलेल्या लेकरांसाठी लिंबो नावाची एक जागा असते, असं जुने पंडित म्हणायचे. तो त्यांचा तर्क होता. चर्चनं तो विश्वासाचा भाग कधी केला नाही. आज चर्च म्हणतं, की अशा लेकरांना देवाच्या दयेवर सोपवा आणि आशा धरा. देवानं तारण बाप्तिस्म्याशी बांधलंय, पण देव स्वतः त्यानं बांधला गेलेला नाही. ठामपणे 'ती तिथं आहेच' असं मी कागदावर लिहून देऊ शकत नाही, कारण तितकं आम्हाला सांगितलेलं नाही. पण 'ती तिथं नाही' असं म्हणायचा हक्क शेषाला कुणीही दिलेला नाही.

आता मूळपाप. किल्लारीच्या भूकंपानंतर आम्हा सिस्टरांना तुमच्या औसा भागात पाठवलं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये मी बाळंतपणं केली. ती पोरं जन्मली तेव्हा घर नव्हतं, आजी नव्हती, पाळणा टांगायला तुळई नव्हती. त्यांनी काय केलं होतं? काहीच नाही. घर त्यांच्या आधी पडलं होतं, आणि ती उघड्यावर जन्मली. मूळपाप म्हणजे लेकराचा गुन्हा नव्हे. त्याच्या आधी हरवलेलं काहीतरी, जे त्याच्या वाट्याला आलं नाही. आपल्याकडं त्याला डाग म्हणतात, त्यामुळं घोटाळा होतो. डाग ऐकला की माणूस विचारतो, लावला कुणी. ही उपमा लंगडी आहे, तेही सांगते. किल्लारीची घरं जमिनीनं पाडली. ते पहिलं घर माणसानं स्वतः पाडलं. देवानं त्याला मोकळं ठेवलं होतं, नाही म्हणण्याइतकं मोकळं, आणि तो नाही म्हणाला. तेव्हापासून आपण सगळे थोडे वाकडे जन्मतो. स्वतःकडं ओढणारे, घाबरणारे, चटकन दुसऱ्याकडं बोट दाखवणारे.

वाईट आलं कुठून, म्हणतेस. देवानं ते घडवलेलं नाही. जिथं चांगलं असायला हवं तिथं ते नसणं, म्हणजे वाईट. लुगड्याला पडलेलं भोक विणकरानं विणलेलं नसतं. हे मी वर्गात शिकवलं आहे आणि मला ते पटतं. पण तुझी पोर का गेली, याचं उत्तर त्यात नाही, आणि असल्याचं सोंग मी करणार नाही. शेडमध्ये एक भला माणूस येऊन बायकांना सांगायचा, की तुमच्या पापांनी भूकंप झाला. मी त्याला हाताला धरून बाहेर काढलं होतं. तसंच तुला सांगते. कुणाच्या पापानं तुझी मुलगी गेली नाही. तुझं बी.पी. चढलं, ती वेळेआधी आली, तिची फुफ्फुसं कच्ची होती.

एक गोष्ट मात्र कडक सांगते. सासूबद्दल तू जो शेवटचा शब्द लिहिलास, तो मी शाईनं खोडला. फादरांना बोलावलं नाही, इतकंच तुला ठाऊक आहे. का बोलावलं नाही, ते ठाऊक नाही. तिला विचार. मन होत नसेल तर आत्ता विचारू नकोस, पण त्या शब्दाला घरात ठेवू नकोस.

पायातली सूज उतरली का, बी.पी. किती, हे लिही. तुझ्या दुःखात मला जागा दे.

तुझी
सिंधुआत्या

* * *

औसा
९ मार्च २०२४

ती. सिंधुआत्यास,
सा. न. वि. वि.

बी.पी. ठीक आहे. ते दाखवायलाच परवा लातूरला गेले होते, आणि तिथं जे ऐकलं ते घाईघाईनं लिहिते. अक्षर वाईट आहे, सांभाळून घे.

तपासून बाहेर पडताना बालविभागातली एक नर्स जिन्यावर आडवी आली. रईसा नाव तिचं. तिनं मला ओळखलं, मी तिला नाही. दोन शब्द बोलून तिनं विचारलं, की आजी कशा आहेत? मी कोरडेपणानं म्हटलं, बऱ्या असतील. तेव्हा तिनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, बाई, त्यांनी तुम्हाला काहीच सांगितलं नाही का?

दुपारची वेळ होती म्हणे. बाळाचा श्वास थांबत होता आणि रईसा दोन्ही हातांनी फुगा दाबून तिला श्वास देत होती. डॉक्टर सांगून गेले होते, की फार वेळ नाही. एकाच माणसाला आत सोडतात, तर पार्वतम्मा आत होत्या. त्या रईसाला म्हणाल्या, की माझ्या सुनेला शब्द दिलाय, पाद्री बोलवायचाय, नंबर कुणाकडं हाय? वैजनाथना फोन लावला, ते रक्तपेढीत, उचलेनात. मग त्यांनी विचारलं, की पाद्री आला न्हाई तर यांच्यात काय करत्यात?

आत्या, रईसा मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकलेली निघाली. तिथल्या सिस्टरांनी सगळ्या मुलींना, कोणत्याही धर्माच्या असोत, शिकवून ठेवलं होतं, की बाळ जात असेल आणि आईबापांची इच्छा असेल, तर कुणीही पाणी घालू शकतं. रईसानं ते सांगितलं. पार्वतम्मांनी विचारलं, कुणीबी? माझ्यासारखीबी? रईसा म्हणाली, मावशी, सिस्टर म्हणायच्या की माझ्यासारखीसुद्धा, पण माझे हात मोकळे नाहीत.

मग पार्वतम्मांनी कनवटीची विभूती काढून आधी बाळाच्या कपाळाला लावली. आपल्या देवाला विचारल्यासारखं काहीतरी कानडीत पुटपुटल्या. आणि रईसानं दाखवलेल्या बाटलीतलं पाणी तीनदा डोक्यावर घातलं. रईसा एक एक शब्द सांगत गेली, पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं, आणि त्या मागून म्हणत गेल्या. रईसानं नाव विचारलं, तेव्हा त्या जराही थांबल्या नाहीत. फुलमिना, म्हणाल्या.

मी तिथं जिन्यावरच बसले. रईसानं पाणी आणून दिलं. बसमध्ये माझ्या डोक्यात एकच घुमत होतं. मी तुला त्यांच्याबद्दल काय लिहिलं होतं.

घरी आले. त्या परसात शेंगा फोडत होत्या. त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि रईसा भेटली म्हणून सांगितलं. वाटलं, त्या रडतील, किंवा मला चार शब्द सुनावतील. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली आणि माझे पाय धरले. मला काही कळेना. मग जे बोलल्या, त्यानं मी रईसाच्या बोलण्यापेक्षाही जास्त हादरले.

त्या म्हणाल्या, की मीच मारलं तिला. पाणी गार होतं. माझ्या हातचं पाणी पडलं आणि थोड्या वेळात पोर गेली. मला तुमचा मंतर सांगायचा अधिकार नव्हता, मी परक्या देवाला हात घातला, माझाबी देव कोपला आणि तुमचाबी. म्हणून त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, वैजनाथनासुद्धा नाही. मी फादरांबद्दल विचारलं तेव्हा न्हाई म्हणाल्या, ते खरंच होतं. पुढचं सांगायची हिंमत झाली नाही. माझं ताट वाढून बाहेर जाऊन का बसायच्या, तेही विचारलं. तर म्हणाल्या, तुझ्यासमोर जेवायला तोंड न्हवतं.

महिनाभर, आत्या, एका घरात आम्ही दोघी. मी तिला खुनी समजत होते आणि ती स्वतःला.

मी पुष्कळ समजावलं, त्यांना पटत नाही. म्हणतात, तुझ्या आत्याला विचार, ती नर्स हाय आणि देवाचीबी हाय. म्हणून विचारते. त्या पाण्यानं बाळाला काही झालं असेल का? आणि जे झालं, ते खरं झालं का? घाईनं लिही. अव्वा रोज पोस्टमनची वाट बघणार आहेत.

तुझी
दीपमाला

* * *

नांदेड
१४ मार्च २०२४

चि. दीपमालास अनेक आशीर्वाद, आणि पार्वतम्मा विहीणबाईंस सिंधूचा नमस्कार.

हे पत्र विहीणबाईंना मोठ्यानं वाचून दाखव. माझ्यासारखं त्यांनाही कमी ऐकू येत असेल तर आणखी मोठ्यानं.

विहीणबाई, आधी नर्स म्हणून सांगते. चमचाभर पाण्यानं बाळ जात नाही. मी अशा कितीतरी लेकरांजवळ उभी राहिले आहे. त्या मुलीचं जाणं तुम्ही बाटलीला हात लावण्याच्या आधीच ठरलं होतं. तुमच्या हातानं तिचं काहीही वाईट झालं नाही. डॉक्टरांना विचारा, तेही हेच सांगतील.

आता सिस्टर म्हणून. ते खरं झालं. पूर्ण खरं. अडचणीच्या वेळी पाणी घालून ते शब्द म्हणणारा कोणत्याही धर्माचा असला तरी चालतो, त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला नसला तरी चालतो. चर्चची जी इच्छा आहे ती पुरी करायची, एवढं मनात हवं. तुमच्या मनात ते होतं. नाव वाकडं झालं म्हणून काही बिघडत नाही. मी आमच्या फादरांना जाऊन विचारलं, माझी समजूत चुकीची नको म्हणून. ते ऐकता ऐकता खुर्चीतून उठले आणि खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, की सिस्टर, शंका घ्यायला जागा नाही.

तुमचा देव कोपला का, ते मी कोण सांगणार? पण मरणाऱ्या नातीसाठी सुनेचा शब्द पाळला, म्हणून कोपणारा देव मला तरी माहीत नाही.

तुम्ही दीपमालाला विचारलं होतं, तान्ह्या लेकरानं काय पाप केलं. तुम्ही स्वतः महिनाभर न केलेल्या पापाचं ओझं वाहिलंत. ते आता उतरवा. ही माझी हात जोडून विनंती.

दीपे, हे पुढचं तुझ्यासाठी. मी हादरले आहे. इतकी वर्षं माणसातल्या वाकडेपणाबद्दल शिकवत आले. तो कुठून येतो, याची उत्तरं माझ्याजवळ तयार होती. पण एक बाई ज्याला इतके महिने ठाम नको म्हणत होती, तेच ती सुनेसाठी एका क्षणात करते, हे चांगलं कुठून येतं, असं मला कुणी विचारलं नव्हतं. देवाकडून, असं म्हणून मी मोकळी होईन. तरीही अंगावर काटा येतो.

शेषाला बोलावून घेतलं. मी सगळं सांगितलं. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. चहा निवला तरी घेतला नाही. जाताना फक्त विचारलं, की औशाला मुदखेडहून सकाळची गाडी कोणती.

तुम्हा दोघींचा एकमेकींवर आणि उरलाच तर माझ्यावर लोभ असावा.

तुमची
सिंधु

* * *

औसा
६ एप्रिल २०२४

ती. सिंधुआत्यास,
दीपमाला, वैजनाथ आणि अव्वांचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र अव्वांनी तीन वेळा वाचून घेतलं. पहिल्यांदा ऐकून त्यांनी पत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. दुसऱ्यांदा ऐकताना 'चमचाभर' आलं की मला थांबवून तेवढंच पुन्हा वाचायला लावत होत्या. तिसऱ्यांदा वैजनाथना बोलावून त्यांच्यासमोर वाचायला लावलं, कारण स्वतः सांगणं त्यांना जमेना. वैजनाथ आईच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्यानं रडले. त्या रात्री आम्ही तिघं एकत्र जेवलो.

पप्पा ईस्टर झाल्यावर आले. वैजनाथ त्यांना आणायला स्टँडवर गेले नाहीत. त्यांचा राग गेलेला नाही आणि मी तो जायला सांगितलं नाही. पप्पा पायी आले. अव्वांना बघून त्यांनी हात जोडले. अव्वांनी त्यांना पाय धुवायला पाणी दिलं, आणि म्हणाल्या, की उन्हातनं आलात, आधी जेवा.

जेवल्यावर ते म्हणाले, मला तिच्याकडं घेऊन चला. माझं त्या जागी पहिल्यांदाच जाणं होतं, आत्या. आजवर पाय उचलत नव्हते. अव्वा पुढं चालत होत्या. शेताच्या कडेला ओळीनं त्यांच्या घरातली माणसं आहेत, माझे सासरे धोंडप्पाही तिथंच. शेवटी एक छोटासा उंचवटा, वर दगड, आणि कुत्री येऊ नयेत म्हणून अव्वांनी भोवती बाभळीच्या फांद्या रचलेल्या. इतकी लहान जागा असेल, असं मला वाटलं नव्हतं. मी खाली बसले. कितीतरी वेळ मला दुसरं काही दिसलं नाही.

पप्पांनी टोपी काढली आणि मेलेल्यांसाठीची प्रार्थना सुरू केली. हे प्रभू, हिच्या पापांची, एवढं म्हणून ते अडले. दुसरी प्रार्थना सुरू केली, तीही थोड्या शब्दांनंतर पापांवरच आली. पुन्हा थांबले. माझ्याकडं बघितलं, वर्गात धडा विसरलेला पोरगा बघतो तसं. त्यांना येणाऱ्या सगळ्या प्रार्थनांत काहीतरी माफ करायचं होतं, आणि तिथं माफ करण्यासारखं काही नव्हतं.

मग त्यांनी आपली रोजची 'हे आमच्या स्वर्गातील बापा' धरली, सगळ्यांना येणारी. ती नीट चालली होती. 'आमच्या अपराधांची' इथपर्यंत आले आणि आवाज गेला. 'आमच्या', पुन्हा म्हणाले. आणि पुन्हा. मग ते मातीतच बसले, एक हात उंचवट्यावर ठेवून.

अव्वांना ती प्रार्थना माहीत नाही. संपली असं समजून त्यांनी पदर सारखा केला. पण पप्पा उठेनात, तेव्हा मला हळूच विचारलं, की एवढंच असतं का? मी म्हटलं, नाही अव्वा, थोडं उरलंय. त्या पप्पांच्या शेजारी जाऊन टेकल्या आणि म्हणाल्या, की दादा, सावकाश म्हणा, घाई न्हाई.

पप्पांनी उरलेलं म्हटलं.

तुझी
दीपमाला